विम्याचा जुना घरोबा आणि घरखर्चाला कात्री

सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावाहून एका भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. पत्रासोबत त्यांनी घरातील सर्व विमा पॉलिसींच्या पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत, ही गोष्ट मला विशेष आवडली. कारण बहुतेक पत्रांत ‘आमचा मेडिक्लेम आहे, हप्ता फार वाढला, काय करावे?’ एवढेच असते आणि त्यावर उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे होते. त्यांची ओळख उघड होणार नाही अशा बेताने हे पत्र या वेळच्या सदराचा विषय करीत आहे, कारण अशी परिस्थिती आपल्यापैकी अनेक घरांत आहे.

घर व्यापाऱ्याचे, पिढीजात कापडदुकानाचे. यजमान ६४ वर्षांचे, स्वतः भगिनी ६० वर्षांच्या, चिरंजीव ३६ वर्षांचे, सूनबाई, पाच वर्षांची नात आणि ७९ वर्षांच्या सासूबाई. गेल्या दोन वर्षांत दुकानाचे उत्पन्न घटले, म्हणून घरखर्चातून वर्षाकाठी ६०,००० रुपये कमी करावयाचे असे सर्वांनी बसून ठरविले. किराणा, वीज, लग्नकार्यातील आहेर यांचा विचार झाला. परंतु एकगठ्ठा जाणारी सर्वांत मोठी रक्कम निघाली ती विम्याची. सासूबाई सोडून पाच जणांचा १० लाखांचा कौटुंबिक मेडिक्लेम, त्याचा हप्ता ५७,२०० रुपये. आयुर्विम्याच्या तीन पॉलिसी, त्यांचे ६२,००० रुपये. एक मोटार व दोन स्कूटर, त्यांचे २१,००० रुपये. एकूण १,४०,२०० रुपये.

येथून पुढे घरात दोन तट पडले आहेत. यजमानांचे म्हणणे असे की, २००६ पासून आपण एकाच कंपनीत आहोत, २०१४ साली माझ्या शस्त्रक्रियेचे पैसे तिने विनातक्रार दिले, ती कंपनी सोडणे शक्य नाही. हवे तर विम्याची रक्कम १० लाखांवरून ५ लाखांवर आणू. चिरंजीवांचे म्हणणे असे की, मोबाइलवर दुसऱ्या एका कंपनीचा तेवढ्याच १० लाखांचा विमा ३८,००० रुपयांत मिळतो आहे. १९,२०० रुपये दरसाल वाचत असताना जुन्या कंपनीला कवटाळून बसण्यात काय अर्थ? भगिनींनी विचारले आहे, दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

दोघांचेही, ते ज्या स्वरूपात बोलत आहेत त्या स्वरूपात, ऐकू नये असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगतो.

प्रथम यजमानांच्या निष्ठेविषयी. त्यांची भावना मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या पिढीने विमा घेतला तो कंपनीकडे पाहून नव्हे, तर घरी येणाऱ्या विमा प्रतिनिधीकडे पाहून. तो बहुधा नात्यातला किंवा पेठेतला असे, हप्त्याची आठवण करून देई आणि प्रसंग आला तर दवाखान्यात कागद घेऊन हजर होई. असा प्रतिनिधी आजही लाभला असेल तर त्याच्या सेवेचे मोल हप्त्याच्या पावतीत दिसत नाही, पण ते असते. तथापि २०१४ साली कंपनीने शस्त्रक्रियेचे पैसे दिले ही तिची कृपा नव्हती. ती कराराची पूर्तता होती. त्यासाठी कृतज्ञ राहून जादा हप्ता भरण्याचे कारण नाही. व्यापारी माणूस सुताचा भाव दहा ठिकाणी विचारतो आणि विम्याच्या बाबतीत एकाच दाराशी उभा राहतो, याचे मला नोकरीतही नवल वाटत असे.

मग जुन्या कंपनीत राहण्यात काहीच मोल नाही काय? आहे, आणि ते पुष्कळ आहे. परंतु ते मोल कंपनीच्या नावात नसून तेथे सलग काढलेल्या वर्षांत आहे. आरोग्य विम्यात ही वर्षे म्हणजे एक प्रकारची ठेवच असते. विमा घेण्यापूर्वी असलेल्या आजारांसाठी कंपनीला प्रतीक्षा कालावधी ठेवता येतो. तो पूर्वी कमाल चार वर्षांचा होता, १ एप्रिल २०२४ पासून कमाल तीन वर्षांचा झाला. त्याहून महत्त्वाची तरतूद अशी की, पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की ‘तुम्ही माहिती दडवली’ किंवा ‘चुकीची दिली’ या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ही मुदत पूर्वी आठ वर्षे होती. या कुटुंबाने २००६ मध्ये ३ लाखांनी सुरुवात केली आणि २०१९ मध्ये रक्कम १० लाखांपर्यंत वाढविली. वाढविलेल्या रकमेसाठी मुदत वाढविल्याच्या तारखेपासून पुन्हा मोजतात. तीही आता पूर्ण झाली आहे. म्हणजे यजमानांना २०१६ पासून असलेला मधुमेह व भगिनींचा रक्तदाब यांसह हे घर आज विम्याच्या दृष्टीने भक्कम पायावर उभे आहे. हा पाया वीस वर्षांत बांधला गेला. नवी पॉलिसी नव्याने घेतली तर तो बांधायला पहिल्या विटेपासून सुरुवात होईल.

येथे चिरंजीव म्हणतील, आणि योग्यच म्हणतील, की कंपनी बदलली तरी जुनी वर्षे सोबत नेता येतात. २०११ पासून ही सोय आहे. तिला पोर्टिंग म्हणतात. जुन्या पॉलिसीत पूर्ण झालेली प्रतीक्षा नव्या कंपनीला जुन्या रकमेपुरती मान्य करावी लागते. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, पोर्टिंगचा अर्ज निराळा असतो. मोबाइलवर ‘आता खरेदी करा’ हे बटण दाबून घेतलेली पॉलिसी म्हणजे पोर्टिंग नव्हे, ती कोरी नवी पॉलिसी होय. दुसरी, अर्ज स्वीकारणे नव्या कंपनीवर बंधनकारक नाही. ६४ वर्षांचे वय आणि दहा वर्षांचा मधुमेह पाहून ती तपासण्या मागेल, हप्ता वाढवील किंवा सरळ नाही म्हणेल. म्हणून कोणी पोर्टिंगचा विचार करीत असेल तर नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी साधारण दीड महिना अर्ज द्यावा आणि नव्या कंपनीचा लेखी होकार हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसीचे नूतनीकरण रोखून धरू नये. मुदत संपल्यावर वार्षिक हप्त्यास ३० दिवसांची सवलत असते आणि त्या काळात पैसे भरले तर जुनी वर्षे वाया जात नाहीत; परंतु वार्षिक हप्ता भरणाऱ्याला त्या मधल्या दिवसांत आजारपण आले तर त्याचा दावा मिळत नाही. तारखेच्या शेवटच्या दिवशी धावाधाव करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता त्या ३८,००० रुपयांच्या पॉलिसीकडे वळू. भगिनींनी तिचे माहितीपत्रकही पाठविले आहे. बारीक अक्षरांत दोन अटी आहेत. रुग्णालयातील खोलीचे भाडे दिवसाला ५,००० रुपयांपर्यंतच मान्य. आणि साठीपुढील व्यक्तीच्या प्रत्येक दाव्यातील २० टक्के भार विमेदाराने सोसावयाचा. जुन्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे १० लाखांवर दिवसाला १०,००० रुपये आहे आणि २० टक्क्यांची अट नाही.

खोलीभाड्याची अट वरकरणी किरकोळ वाटते. पाच हजारांऐवजी दहा हजारांची खोली घेतली तर वरचे पाच हजार आपण भरू, असा सर्वांचा समज असतो. तसे होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची असेल तर डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, शुश्रूषा इत्यादी संलग्न खर्चही कंपनी निम्माच मान्य करते. औषधे, तपासण्या व शरीरात बसविण्याची उपकरणे यांना मात्र ही कात्री लागत नाही. उदाहरणादाखल एक बिल घेऊ. खोलीचे चार दिवसांचे दहा हजारांप्रमाणे ४०,००० रुपये; डॉक्टर व शस्त्रक्रिया यांचे १,२०,००० रुपये; औषधे व तपासण्या ६०,००० रुपये. एकूण २,२०,००० रुपये. जुन्या १० लाखांच्या पॉलिसीत किरकोळ अमान्य बाबी सोडल्यास हे सारे बिल मिळेल. पाच हजारांची मर्यादा असलेल्या पॉलिसीत खोलीचे २०,०००, डॉक्टर व शस्त्रक्रियेचे ६०,००० आणि औषधांचे पूर्ण ६०,००० असे १,४०,००० रुपयेच मान्य होतील. त्यातून २० टक्के, म्हणजे २८,००० आणखी वजा होऊन हाती १,१२,००० येतील. पदरचे १,०८,००० रुपये गेले. दरसाल १९,२०० रुपये वाचवून ही रक्कम भरून निघायला साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि चौसष्टाव्या वर्षी साडेपाच वर्षांत एकदाही रुग्णालयाची पायरी चढावी लागणार नाही असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. मिरज-सांगलीकडे कमी भाड्याची खोली मिळते हे खरे, पण रुग्णाला पुण्या-मुंबईस हलवावे लागले तर तेथील दर आपल्या हातात नसतात.

यजमानांच्या सूचनेतील खोच आता वाचकांच्या ध्यानात आली असेल. विमा रक्कम १० लाखांवरून ५ लाखांवर आणली की १ टक्क्याच्या हिशेबाने खोलीची मर्यादाही दहा हजारांवरून पाच हजारांवर येते! म्हणजे वरचेच बिल जुन्या, विश्वासू कंपनीतही ८०,००० रुपयांनी अंगावर पडेल. कंपनी तीच राहिली, प्रतिनिधी तोच राहिला, पण करार बदलला. शिवाय कमी केलेली रक्कम दोन वर्षांनी परत वाढवू म्हटले तर वाढीव रकमेची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि वाढवून देणे न देणे कंपनीच्या मर्जीवर राहते.

आणि ज्या हप्तावाढीमुळे हा सारा प्रपंच उभा राहिला, ती वाढ तरी किती? प्रतिनिधीने घरी सांगितले, ‘बावन्न हजारांचे सत्तावन्न झाले.’ ते खरेच आहे. मूळ हप्ता ५२,००० वरून ५७,२०० झाला, म्हणजे १० टक्के वाढला. परंतु मागील मार्चच्या पावतीत त्या ५२,००० वर १८ टक्के वस्तू व सेवा कर, ९,३६० रुपये, आकारलेला आहे आणि भरलेली रक्कम ६१,३६० रुपये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्यावरील हा कर रद्द झाला. म्हणजे यंदा खिशातून जाणारे पैसे गतवर्षीपेक्षा ४,१६० रुपयांनी कमी आहेत. ज्या वाढीवरून पितापुत्रांत अबोला धरण्यापर्यंत वेळ आली, ती प्रत्यक्षात घट आहे. वाचकांनी आपापल्या पावत्या अशाच शेजारी ठेवून पाहाव्यात. साठीपुढील व्यक्तींच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागतो, असा आदेश ३० जानेवारी २०२५ रोजी निघालेला आहे, हेही नोंदवून ठेवावे.

त्याच कंपनीत राहून खर्च कमी करण्याचे मार्ग विचारले पाहिजेत, आणि ते आपणहून कोणी सांगत नाही. कौटुंबिक पॉलिसीचा हप्ता बहुधा घरातील सर्वांत वयस्क सदस्याच्या वयावर बेततात. म्हणून यजमान व भगिनी यांची एक आणि चिरंजीव, सूनबाई, नात यांची दुसरी अशी विभागणी केल्यास एकूण हप्ता किती होतो, हे शाखेतून लेखी मागवावे. काही वेळा तो कमी येतो, काही वेळा येत नाही. विभागणी करताना सर्वांची २००६ पासूनची सलगता नव्या कागदावर नमूद झाली पाहिजे. त्याच कंपनीच्या एका योजनेतून दुसऱ्या योजनेत जुनी वर्षे राखून जाता येते. जुन्या योजनेतील अटी जाचक असतील तर घर न सोडता खोली बदलण्याचा हा मार्ग आहे. सुपर टॉप-अप नावाचाही एक प्रकार आहे. त्यात वर्षभरातील पहिल्या ठरावीक रकमेपर्यंतचा, समजा ५ लाखांपर्यंतचा, खर्च मूळ पॉलिसीने किंवा आपण सोसायचा आणि त्यावरील खर्च ही पॉलिसी देते. म्हणून ती स्वस्त असते. मोबाइलवर फिरणारा सल्ला असा की मूळ पॉलिसी ५ लाखांची करा व वर सुपर टॉप-अप घ्या. तरुण दांपत्याला हा सल्ला चांगला आहे. परंतु साठीपुढील माणसाला सुपर टॉप-अपमध्येही जुन्या आजारांची प्रतीक्षा नव्याने काढावी लागते. तेव्हा आधी ती घ्यावी, तिची प्रतीक्षा पुरी होऊ द्यावी, आणि मगच मूळ रकमेला हात लावावा. त्यातही वर सांगितलेली खोलीभाड्याची मेख आधी तपासावी.

आपल्या समाजातील काही मंडळे व संस्था सभासदांसाठी सामूहिक आरोग्य विमा उतरवतात. तो उपयुक्त असतो आणि पुष्कळदा वैयक्तिक विम्याहून स्वस्तही असतो. मात्र ती पॉलिसी मंडळाची असते, आपली नव्हे. मंडळाने पुढील वर्षी ती चालू ठेवली नाही तर आपला आधार जातो. शिवाय करमाफी सामूहिक विम्याला लागू झालेली नाही. त्यामुळे सामूहिक विमा मिळाला म्हणून वैयक्तिक पॉलिसी बंद करू नये, ही विनंती मी या सदरातून वारंवार करीत आलो आहे.

सासूबाईंविषयी पत्रात एकच ओळ आहे: ‘त्यांचा विमा आता कोण घेणार?’ त्यांच्यासाठी हप्त्याची गरजच नाही. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक भारतीय नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड मिळते. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. उपचार योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात; म्हणून कार्ड काढतानाच जवळची कोणती रुग्णालये यादीत आहेत ते पाहून ठेवावे. आधार कार्ड घेऊन जावे, एवढेच काम आहे, आणि ते याच आठवड्यात उरकावे.

आता आयुर्विमा. तीन पॉलिसींपैकी पहिली यजमानांची, १८,००० रुपये हप्त्याची. तिची मुदत संपायला तीन वर्षे उरली आहेत. हिला हात लावू नये. बचतीच्या अशा पॉलिसीत जमलेला बोनस व अखेरचा जादा बोनस यांचा खरा लाभ मुदतपूर्तीला असतो. काठाजवळ आलेली नाव मध्येच सोडण्यात हशील नाही. दुसरी चिरंजीवांची, १४,००० रुपये हप्त्याची. ती अर्ध्यावर आली आहे, चालू राहू द्यावी.

तिसरी पॉलिसी भगिनींच्या नावे २०२३ च्या मार्च महिन्यात बँकेतच घेतलेली, ३०,००० रुपये हप्त्याची, बारा वर्षे भरावयाची. तिचे कारण पत्रात प्रांजळपणे दिले आहे: प्राप्तिकर वाचावा म्हणून. मार्च महिन्यात शाखेत येऊन ‘काहीतरी करवाचकं द्या’ म्हणणारे ग्राहक मी तीस वर्षे पाहिले आणि त्यांना काहीतरी देऊन मोकळे होणारे सहकारीही पाहिले. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली आहे. तिच्यात कलम ८०सी व ८०डी यांच्या वजावटी मिळत नाहीत, आणि या घराचे विवरणपत्र आता नव्या प्रणालीनुसारच भरले जाते. म्हणजे पॉलिसी घेण्याचे कारण संपले. राहता राहिला प्रश्न विम्याचा. भगिनींच्या उत्पन्नावर घर चालत नाही, तेव्हा त्या दृष्टीनेही या पॉलिसीची निकड नाही. तीन हप्ते भरून झाले आहेत. चौथा भरण्यापूर्वी कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवावेत: आज पॉलिसी मोडली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून ती ‘पेड-अप’ ठेवली तर मुदतीअखेर किती मिळतील. पेड-अप म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात विमा रक्कम घटते. बारापैकी तीन हप्ते भरले असतील तर ३,६०,००० ची पॉलिसी ९०,००० ची होऊन तशीच राहते. दोन्ही आकडे पाहून निर्णय करावा, पण पुढचे ३०,००० रुपये भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बचतीतील काही भाग मात्र लगेच दुसरीकडे लावावा लागेल, आणि हे सांगताना भगिनींना बरे वाटणार नाही याची मला कल्पना आहे. सर्व पावत्यांत चिरंजीवांचा निव्वळ मुदतीचा विमा, ज्याला टर्म इन्शुरन्स म्हणतात तो, कोठेही नाही. दुकान आता तेच चालवितात. सूनबाई, नात आणि वृद्ध आईवडील त्यांच्यावर अवलंबून आहेत. आणि त्यांच्या एकमेव पॉलिसीची विमा रक्कम ३ लाख आहे. आजवर घरात विम्यावर वर्षाला लाखाहून अधिक खर्च होत आला, पण ज्याच्यावर घर उभे आहे त्याचा पुरेसा विमा नाही. हा घ्यावाच.

तो कोठे घ्यावा, येथे मात्र मी यजमानांच्या बाजूला झुकतो. मुदतीच्या विम्याचा करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो आणि दावा करण्याची वेळ आली तर तो करणारी व्यक्ती घरातील सर्वांत दुःखी व्यक्ती असते. अशा दीर्घ करारात जुन्या, खात्रीच्या कंपनीला हजार-दोन हजार अधिक मोजावे लागले तरी मी ते उधळपट्टी समजणार नाही. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली २४५ विमा कंपन्या व संस्थांच्या राष्ट्रीयीकरणातून उभे राहिले आणि त्याच्या पॉलिसींतील विमा रकमेस कायद्याच्या कलम ३७ अन्वये केंद्र सरकारची हमी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अर्थात अन्य कंपन्यांचे दरही मागवावेत आणि मगच ठरवावे. प्रस्ताव भरताना वडिलांचा मधुमेह लपवू नये. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणाने आव्हानित करता येत नाही. त्याआधी मात्र करता येते. बंद पडलेली पॉलिसी पुनरुज्जीवित केली की ही तीन वर्षे पुन्हा नव्याने सुरू होतात. खर्च वाचविण्यासाठी ‘दोन वर्षे हप्ता थांबवू, मग दंड भरून चालू करू’ असे म्हणणाऱ्यांना या कलमाची माहिती नसते.

वाहनांच्या विम्यात मात्र निष्ठेला मुळीच जागा नाही. तो बहुतांशी वर्षावर्षाचा करार आहे. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरविते, ते सर्व कंपन्यांत सारखे असतात: २०२२ साली ठरल्याप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या मोटारीस ३,४१६ रुपये, ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीस ७१४ रुपये, अधिक कर. फरक पडतो तो स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागात. तेथे नो क्लेम बोनस दावा न केल्यास २० टक्क्यांपासून वाढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो वाहनाचा किंवा कंपनीचा नसून मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी सोबत येतो. या घराची मोटार आठ वर्षांची आहे, पण बोनस शून्य दिसतो, कारण गतवर्षी बंपरसाठी ४,००० रुपयांचा दावा केला गेला. मूळ १२,००० रुपयांच्या हप्त्यावरील निम्मी सूट, म्हणजे ६,००० रुपये, त्या चार हजारांपायी गेली. तेरा वर्षांच्या जुन्या स्कूटरचा सर्वंकष विमा उतरविला आहे. तिला थर्ड पार्टी पुरे, करासह साधारण ८४३ रुपयांत काम होईल. तिन्ही वाहने यजमानांच्या नावे आहेत आणि तिन्ही पॉलिसींत मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचा हप्ता निरनिराळा घेतला आहे. तो व्यक्तीचा विमा आहे, एकदाच पुरतो. एवढ्या दुरुस्त्यांत पाच-सहा हजार रुपये सहज सुटतील. शोरूममधून नूतनीकरण करून घेण्याची सवय मात्र सोडावी लागेल.

बँकेच्या पासबुकातही पाहावे. चिरंजीवांच्या दोन बँकांतील खात्यांतून पंतप्रधान जीवनज्योती योजनेचे ४३६ व सुरक्षा योजनेचे २० रुपये दोनदा कापले जात आहेत. या योजना अत्यंत स्वस्त व चांगल्या आहेत, त्या ठेवाव्यात. पण दोन खात्यांतून हप्ते गेले तरी दावा एकाचाच मिळतो. एका बँकेस मे महिन्याच्या आत लेखी कळवून कपात बंद करावी. रक्कम लहान आहे, पण अशाच नोंदींत मोबाइल कंपनीचा, कर्जाचा, कार्डाचा असे आणखी दोन-तीन ‘विमे’ सापडतात, असा माझा अनुभव आहे.

या सर्वांची बेरीज केली तर तिसऱ्या पॉलिसीचे ३०,०००, वाहनांचे पाच-सहा हजार आणि रद्द झालेल्या करामुळे सुटलेले ४,१६० असे मिळून सुमारे ४०,००० रुपये होतात. त्यातून चिरंजीवांच्या मुदतीच्या विम्याचा हप्ता जाईल. साठ हजारांचे उद्दिष्ट विम्यातून गाठता येणार नाही, हे मी भगिनींना स्पष्टच कळवीत आहे. उरलेली रक्कम किराणा, प्रवास, समारंभ यांतून काढावी लागेल. मेडिक्लेमच्या ५७,२०० रुपयांतून ती काढू नये.

नूतनीकरणाची तारीख २८ मार्च आहे. त्यापूर्वी यजमानांनी शाखेत स्वतः जाऊन विभागणीचा दर व योजनाबदलाचे पर्याय लेखी मागावेत आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर न आल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तेथेही दाद न लागल्यास नियामकाच्या बीमा भरोसा या संकेतस्थळावर जाता येते. दाव्याविषयीचा वाद असेल तर विमा लोकपालांकडे ५० लाखांपर्यंतच्या प्रकरणात विनाशुल्क तक्रार करता येते, त्यांची कार्यालये मुंबई व पुण्यास आहेत. जोडलेल्या प्रतींत २००६ च्या पहिल्या पॉलिसीचा कागद मात्र मला दिसला नाही; सर्वांत जुना कागद २०१२ चा आहे. शाखेत जाल तेव्हा २००६ पासूनच्या सलगतेचे पत्र कंपनीच्या शिक्क्यासह मागून घ्यावे आणि त्याची एक प्रत चिरंजीवांच्या मोबाइलमध्ये, एक सूनबाईंकडे ठेवावी.